सहलीत स्कूबा : वेळापत्रक आधी तपासा

थायलंडच्या को ताओसारख्या बेटावर शाळेची सहल नेऊन मुलांना स्कूबा डायव्हिंग शिकवायचे असेल, तर खरा प्रश्न धाडसाचा नसून वेळेचा आहे. 'पाडी' संस्थेच्या नियमांनुसार दहाव्या वर्षापासून प्रशिक्षण घेता येते. मात्र 10-11 वर्षांच्या मुलांना 12 मीटरपर्यंतच, तेही पालक किंवा प्रशिक्षकासोबत उतरता येते. प्राथमिक अभ्यासक्रमात समुद्रातल्या चार डुबक्या असतात. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आल्यास हवा प्रसरण पावून फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणूनच श्वास सतत चालू ठेवण्याची सवय घाईत नव्हे, सरावानेच अंगवळणी पडायला हवी.

प्रशिक्षक सोबत असताना एवढी काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. पण प्रशिक्षक घाबरलेल्या मुलाच्या वतीने श्वास घेऊ शकत नाही. दिवस वाढले की खर्च वाढतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपायही आहे. वर्गातला आणि तरणतलावातला भाग मायदेशी पूर्ण करून फक्त समुद्रातल्या डुबक्या परदेशात घेता येतात. शेवटच्या डुबकीनंतर मात्र विमानप्रवासाआधी किमान 18 तास ठेवायलाच हवेत. पालकांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी वैद्यकीय प्रश्नावली प्रामाणिकपणे भरावी, दमा असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि हे 18 तास वेळापत्रकात आहेत का, हे शाळेला विचारावे.