जुना लष्करी फोटो फॉरवर्ड करण्याआधी

१ जानेवारी जवळ आली की आपल्या ग्रुपवर सैनिकांचे जुने फोटो फिरू लागतात. खाली लिहिलेले असते, ‘भीमा कोरेगावचे शूर महार सैनिक’. कोल्हापुरातल्या आम्हा कार्यकर्त्यांनाही ते दरवर्षी येतात. पण कोरेगावची लढाई १८१८ ची आणि फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. म्हणजे त्या लढाईचा फोटो असूच शकत नाही. त्या वीरांचा पुरावा जयस्तंभावर कोरलेला आहे. तिथल्या यादीत ‘नाक’ने संपणारी नावे महार सैनिकांची आहेत.

मग जुना फोटो ओळखायचा कसा?

आधी काळ पाहावा. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांच्या पाठपुराव्याने त्याच वर्षी १ ऑक्टोबरला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, तीही आपल्या शेजारच्या बेळगावात.

मग टोपीवरचा बिल्ला पाहावा. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आजच्या चिन्हात एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन आणि खंजीर आहे.

शेवटी फोटो उलटून पाहावा. मागे स्टुडिओचा शिक्का, गाव, तारीख किंवा सैनिकाचा नंबर सापडू शकतो.

एवढी खटपट कशासाठी? कारण चुकीचा फोटो उघडा पडला की विरोधक खऱ्या इतिहासालाही खोटे म्हणायला मोकळे होतात. आणि खरे फोटो मात्र घरातल्या ट्रंकेत वाळवीच्या तोंडी जातात. माणगाव परिषद झालेला हा जिल्हा. हातकणंगले, शिरोळ, कागलच्या वस्त्यांत अजून पणजोबांचे वर्दीतले फोटो भिंतीवर असतील. ते कोणाचे, हे सांगणारी आजी आज आहे, उद्या नसेल.

म्हणून तरुणांना आमची विनंती आहे. येत्या रविवारी घरातला असा एक फोटो खाली उतरवा. दोन्ही बाजू स्कॅन करा. नाव, गाव, पलटण, भरतीचे साल आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. जे माहीत नाही ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. नावासह जपलेला एक फोटो हजार फॉरवर्डपेक्षा मोलाचा आहे.

जय भीम!