आकड्यांचे मैदान (भाग ६) : सर्वांत मोलाचा खेळाडू कोण?

१८ जानेवारी २०२५ रोजी वडोदऱ्यात विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा विदर्भाचा कर्णधार करुण नायर याची स्पर्धेतली सरासरी ७५२ होती. पाच शतके, ७५२ धावा आणि बाद फक्त एकदा. कर्नाटकाविरुद्ध तो २७ धावांवर बाद झाला आणि सरासरी ३८९.५० वर आली. एका चेंडूने सरासरी निम्मी केली, पण फलंदाज तोच होता आणि त्याची लयही तीच होती.

नाबाद राहणाऱ्याची सरासरी अशी फुगते, हे मागच्या भागात आले आहे. आता प्रश्न पुढचा: संघातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवायचा कसा?

हा वाद सर्वांत जोरात झाला तो अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. २०१२ साली डेट्रॉइटच्या मिगेल कॅब्रेराने अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीची सरासरी, होमरन आणि धावा घडवणे या तिन्ही याद्यांत पहिला क्रमांक मिळवला. १९६७ नंतर असे कोणालाच जमले नव्हते. तरीही आकडेवारीच्या अभ्यासकांचे मत पडले माइक ट्राउट या वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या बाजूने. ट्राउटने ४९ वेळा बेस चोरला होता, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा टप्पा गाठला होता, आणि मैदानाचा मधला भाग जिवाच्या आकांताने राखला होता. कॅब्रेराच्या तीन याद्यांत या कामांना जागाच नव्हती. ‘वॉर’ नावाच्या मापात मात्र ती धरली जातात. त्या मापात ट्राउट दहाच्या वर होता आणि कॅब्रेरा सातच्या आसपास. पुरस्कार कॅब्रेरालाच मिळाला. २८ पैकी २२ मतदारांनी त्याला पहिली पसंती दिली.

या मापाचा गाभा एका साध्या प्रश्नात आहे: हा खेळाडू नसता, तर त्याच्या जागी सहज मिळणाऱ्या माणसाने किती काम केले असते? तिवशासारख्या गावात टेनिस बॉलच्या स्पर्धेसाठी संघ बांधणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. धावा काढणारे दोन-चार जण तालुक्यात कुठेही मिळतात, पण शेवटचे षटक टिच्चून टाकणारा एखादाच असतो. तो लग्नाला गेला की संघ हरतो. तरी ‘मॅन ऑफ द सिरीज’चा चषक बहुतेक वेळा सर्वाधिक धावांना जातो, कारण वहीत ती बेरीज लगेच दिसते.

हाच प्रश्न २०२४-२५च्या रणजी करंडकाला विचारून पाहू. विदर्भ विजेता ठरला. यश राठोडने ५३.३३च्या सरासरीने ९६० धावा केल्या. डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने १६.९८च्या सरासरीने ६९ बळी घेतले; एका रणजी मोसमातला हा विक्रम आहे. बदली फलंदाजाची सरासरी २५ आणि बदली गोलंदाजाची ३० धरू. हे आकडे अंदाजाने घेतले आहेत, पण गणित कळण्यापुरते ते चालतील. यश १८ वेळा बाद झाला. तितक्या संधींत बदली फलंदाजाने ४५० धावा केल्या असत्या, म्हणजे यशची भर ५१० धावांची. हर्षने ६९ बळींसाठी सुमारे ११७२ धावा दिल्या. बदली गोलंदाजाने २०७० दिल्या असत्या. वाचलेल्या धावा जवळपास ९००! बदली गोलंदाज अधिक चांगला, २५च्या सरासरीचा धरला, तरी साडेपाचशेच्या वर धावा वाचतात. शिवाय हर्षने बॅटने ४७६ धावा काढल्या, त्या वेगळ्याच. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची झालेली निवड या हिशेबालाही पटते.

मात्र या गणिताला वेळप्रसंग दिसत नाही. उपांत्य सामन्यात नागपुरात मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात विदर्भाची ४ बाद ५६ अशी अवस्था होती. तिथून संघ २९२ पर्यंत गेला आणि त्यांतल्या १५१ धावा एकट्या यशच्या होत्या. विदर्भ ८० धावांनी जिंकला. त्या १५१ धावांना नुसत्या बेरजेत घालणे अन्यायाचे आहे.

समोर कोण होते, हेही पाहावे लागते. हर्षच्या आधी विक्रम होता बिहारच्या आशुतोष अमनचा. २०१८-१९ मध्ये त्याने ६८ बळी घेतले आणि सरासरी होती ६.४८! नुसता आकडा पाहिला तर अमन हर्षपेक्षा कितीतरी पुढे. पण ते बळी खालच्या, म्हणजे प्लेट गटातले होते, आणि त्या वर्षी तिथे पहिल्यांदाच रणजी खेळणारे संघ होते. अमनचे कष्ट खरेच, पण दोन्ही सरासऱ्या एका रांगेत मांडता येत नाहीत.

वीस षटकांच्या खेळात मोजणी चेंडूगणिक करावी लागते. ३ जून २०२५च्या आयपीएल अंतिम सामन्यात बंगळुरूकडून सर्वाधिक धावा विराट कोहलीच्या होत्या, ३५ चेंडूंत ४३. अमरावतीच्या जितेश शर्माने १० चेंडूंत २४ काढल्या. सामन्यात एकूण २४० चेंडूंत ३७४ धावा झाल्या, म्हणजे चेंडूमागे साधारण १.५६. या दराने कोहली अकरा-बारा धावा मागे पडला आणि जितेश आठ धावा पुढे राहिला. बंगळुरू जिंकले सहा धावांनी. कोहलीने विकेट सांभाळली म्हणून शेवटच्या षटकांत इतरांना मोकळेपणाने मारता आले, हेही खरे. त्यामुळे चांगल्या मापांत षटक कोणते आणि हातात विकेट किती, हे दोन्ही धरले जाते.

गावच्या स्पर्धेत एवढे करायला संगणक लागत नाही. स्कोअररने प्रत्येक चेंडू लिहावा आणि गडी बाद झाला त्या वेळची धावसंख्या व षटक टिपावे. रात्री अर्धा तास बसले की सामन्याचा दर आणि त्याच्या पुढे-मागे कोण राहिले, हे निघते. झेल, सुटलेले झेल आणि अडवलेल्या धावा मात्र या वहीत येत नाहीत. क्षेत्ररक्षण आणि यष्टिरक्षण मोजण्याचे प्रयत्न कुठवर आले आहेत, ते पुढच्या आठवड्यात पाहू.