खापरपणजोबांचा नंबर काय?

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न विचारू? तुमच्या आजोबांचं नाव काय? लगेच सांगितलंत ना! बरं, पणजोबांचं? आता थोडं डोकं खाजवावं लागलं. आणि पणजोबांच्या वडिलांचं, म्हणजे खापरपणजोबांचं? बहुतेकांची विकेट इथेच उडते. आई-बाबांना विचारून पाहा. तेही म्हणतील, "थांब, आजीला विचारून सांगतो!"

आपल्याला निदान विचारायला आजी तरी आहे. पण साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या एका बेटावर अशी हजारो मराठी घरं आहेत, की ज्यांच्या खापरपणजोबांचा पत्ता आजीलाही ठाऊक नाही. तो दडलाय जुन्या, जाडजूड रजिस्टरांमध्ये. त्या बेटाचं नाव मॉरिशस.

उसाच्या मळ्यावर

मॉरिशस किती मोठं? आपल्या एका नागपूर जिल्ह्यात चार मॉरिशस बसतील आणि वर थोडी जागा उरेल! हे बेट आधी फ्रेंचांकडे होतं. १८१० मध्ये ते इंग्रजांनी जिंकलं. तिथे उसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यांत गुलाम राबत. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मग ऊस तोडायचा कोणी? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

दलाल गावोगावच्या गरीब माणसांना गाठत. पाच वर्षांचा करार करायचा, अंगठा उठवायचा आणि जहाजात चढायचं. करार म्हणजे इंग्रजीत अ‍ॅग्रीमेंट. त्या शब्दाचं लोकांच्या तोंडी झालं 'गिरमिट', आणि करारावर गेलेले ते गिरमिटिये. तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं आपल्या पूर्वजांना सांगितलं होतं, ही आठवण मॉरिशसच्या घराघरांत अजून सांगतात. सोनं कसलं! दगड उचलून शेत मोकळं करायचं आणि ऊन डोक्यावर घेऊन ऊस तोडायचा. एक दिवस खाडा झाला तर पगार कापला जायचा.

१८३४ ते १९२० या काळात पाच लाखांच्या आसपास माणसं अशी मॉरिशसला उतरली. कलकत्ता आणि मद्रासहून जास्त, त्या मानाने मुंबईहून कमी. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरी, सातारा अशा भागांतली मराठी माणसं होती. बरीचशी पुन्हा कधीच परतली नाहीत.

सोळा पायऱ्या आणि एक नंबर

राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात उतरल्यावर दगडी पायऱ्या चढून वर जायचं. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. सोळा पायऱ्या चढून वर आलं की कारकून रजिस्टर उघडून बसलेला असे. नाव काय? बापाचं नाव काय? वय? उंची? जात? अंगावर काही खूण? गाव कोणतं, जिल्हा कोणता? कोणत्या जहाजाने आलात? सगळं लिहून झालं की प्रत्येकाला एक नंबर मिळे. बायकांना वेगळा नंबर, बरोबर आलेल्या लेकरांनाही वेगळा.

विचार करा, आपल्या गावात ज्याला सारे 'काका', 'मामा' म्हणून ओळखत, तो इथे एक आकडा झाला! आणि एवढ्यावर भागलं नाही. कारकुनाच्या कानाला मराठी नावं कुठली सवयीची? त्याला ऐकू येईल तसं तो लिहून मोकळा होई. शिवाय आपल्या लोकांनी सांगितलं नुसतं नाव: बाबाजी, भिवाजी, सखाराम. पुढच्या पिढीत तेच नाव आडनाव होऊन बसलं आणि मूळ आडनाव हरवलं. म्हणून आज मॉरिशसमध्ये मराठी माणसाचं आडनाव 'भिवाजी' निघालं, तर हसू नका. तो कुणाचा तरी खापरपणजोबा आहे.

पण गंमत पाहा. ज्या नंबराने माणसाचं नाव मागे ढकललं, तोच नंबर आज त्याला शोधून देतो!

शोध लागतो कसा?

समजा, मॉरिशसमधल्या एका मुलीला आपलं मूळ गाव शोधायचंय. आपण तिच्याबरोबर जाऊ या.

पहिली पायरी घरातच. आजीच्या पेटीतले जन्माचे, लग्नाचे दाखले काढायचे. आजोबांच्या दाखल्यावरून पणजोबांचं नाव मिळतं, पणजोबांच्या दाखल्यावरून त्यांच्या वडिलांचं. असं एकेक पाऊल मागे जायचं. मधेच उडी मारायची नाही. कारण एकाच नावाची दहा माणसं असतात आणि भलत्याच माणसाचे आपण नातू होऊन बसतो!

जुन्या दाखल्यांत जो माणूस स्वतः जहाजाने आला, त्याच्या नावापुढे पुष्कळदा तो नंबर लिहिलेला सापडतो. नंबर मिळाला की अर्धी लढाई जिंकली.

दुसरी पायरी मोका गावी. तिथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. गिरमिटियांची रजिस्टरं तिथेच जपून ठेवली आहेत. नंबर सांगितला की त्या माणसाची ओळ काढता येते: नाव, वय, गाव, जहाज, तारीख आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं तेही. १८६० च्या दशकापासून मजुरांचे फोटोही काढू लागले होते. नशीब असेल तर रजिस्टरातल्या त्या ओळीला चेहराही मिळतो. फोटोत खापरपणजोबा सरळ समोर बघत असतात. न हसता.

तिसरी पायरी सगळ्यांत अवघड: गाव ओळखणं. जुन्या इंग्रजी कागदांत साताऱ्याचा 'सट्टारा' होतो आणि ठाण्याचं 'टाना'. खेड्यांच्या नावांचं तर विचारूच नका. तेव्हा नाव मोठ्याने वाचायचं, मराठी कानाने ऐकायचं आणि मग नकाशा उघडायचा.

इथे आपल्या नागपूरकरांसाठी खास सूचना! १८३४ च्या २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं, तिथून ही सारी कहाणी सुरू झाली. त्या मजुरांना कागदांत 'धांगर' म्हटलंय आणि त्या वेळी असे मजूर छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातून आणत. झालं! 'नागपूर' वाचलं, 'धांगर' वाचलं, की आपल्याला वाटणार, अरे, ही तर आपलीच माणसं! पण छोटा नागपूर म्हणजे झारखंडातल्या रांचीकडचं पठार. ही माणसं कलकत्त्याहून जहाजात चढली होती. आणि ते धांगर म्हणजे आपल्याकडचे मेंढपाळ धनगर नव्हेत. एका शब्दावर भरवसा ठेवला की शोध हजार किलोमीटर चुकतो. म्हणून नाव, जहाज आणि बंदर, तिन्ही जुळतात का ते बघायचं.

आपलं काय?

जगभर लोक असाच शोध घेतात. स्कॉटलंडहून कॅनडात गेलेल्यांची नातवंडं जहाजांच्या याद्या आणि जनगणनेची पानं चाळतात. कॅनडात जनगणनेचे कागद ९२ वर्षांनी सगळ्यांना खुले होतात. १९२१ चे कागद २०२३ मध्ये खुले झाले. आपल्याकडे मात्र जनगणनेत सांगितलेली घरची माहिती गुप्त ठेवतात. मग आपण बघायचं कुठे?

शाळेत! जुन्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांचं नाव, जन्मतारीख, गाव सापडू शकतं. आपल्या विदर्भात कोतवाल बुक असे. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद देई. तहसील कार्यालयात अशा जुन्या नोंदींची नक्कल मागता येते. शेती असेल तर जमिनीचे जुने कागद आहेत. आणि त्र्यंबकेश्वरला घरचं कुणी गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात.

कशाला एवढी उठाठेव, असं कुणी म्हणेल. मॉरिशसवाल्यांना विचारा! मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपती तिथे गेल्या होत्या. सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या माणसांना ओसीआय कार्ड मिळू शकेल, असं तेव्हा जाहीर झालं. त्यासाठी आपला पूर्वज भारतातून आला हे दाखवावं लागतं. म्हणजे पुन्हा त्या रजिस्टरातली ती एक ओळ!

पण कार्ड नसतं तरी त्यांनी शोध घेतलाच असता. गाव हरवलं, आडनाव हरवलं, तरी या लोकांनी गणपती सोडला नाही. गणेश चतुर्थीला आज साऱ्या मॉरिशसला सरकारी सुट्टी असते, आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवतात. ज्याने आपला देव आणि भाषा एवढी वर्षं सांभाळली, त्याला आपलं गावही माहीत असावंसं वाटणारच.

तर दोस्तांनो, या सुट्टीत एक काम करा. एक दोनशे पानी वही घ्या आणि आजीजवळ बसा. तिच्या सासऱ्यांचं नाव विचारा, सासूबाईंचं विचारा, आणि मुख्य म्हणजे तिच्या स्वतःच्या माहेरचं विचारा. ते नेहमी लिहायचं राहून जातं. गाव, नदी, शेत, कोण कुठून आलं, सगळं लिहा. एखादी गोष्ट तिला आठवली नाही तर जागा मोकळी सोडा. शेवटी खाली तारीख टाका आणि तिची सही घ्या.

पन्नास-साठ वर्षांनी कुणीतरी तुमच्याच नावापाशी अडकेल. त्याला ती वही सापडू द्या.