डाऊन सिंड्रोम, फिजिओथेरपी आणि ‘अजून चालत नाही?’

“सहा महिने झाले मॅडम, अजून चालत नाही. मग थेरपीचा उपयोग काय?” आई विचारते तेव्हा कळतं, की प्रश्न तिचा नाही, घरात रोज कुणीतरी तिला तो विचारतंय. पण आमच्याच पेशातली माणसं हेच विचारतात तेव्हा राग येतो.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांचे स्नायू सैल असतात, सांधे धरून ठेवणारे अस्थिबंध ढिले असतात, हातपाय आखूड असतात. जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. शस्त्रक्रिया झाली तर त्यातही दिवस जातात. म्हणून ही मुलं सरासरी दोन वर्षांच्या आसपास चालतात, काही तिसऱ्या वर्षानंतर. पण बहुतेक सगळी चालतात!

मग थेरपी कशाला? पालथं बाळ उठून कसं बसतं ते बघा. एरवी बाळ कुशीवर वळतं, हातावर भार देतं आणि धड वळवत बसतं. आमची बाळं दोन्ही पाय पार बाजूंना फाकवतात आणि हातांनी जमीन रेटत सरळ वर येतात. घरचे म्हणतात, “किती लवचिक!” अहो, यात धड वळतच नाही, पोटाच्या स्नायूंना कामच पडत नाही. हीच सवय उभं राहताना दिसते: पाय फाकलेले, पावलं बाहेर वळलेली, गुडघे मागे ताठ. मूल तसंही चालेल, पण त्रास पुढे गुडघ्यांना आणि पावलांना होतो. अमेरिकी फिजिओथेरपिस्ट पॅट्रिशिया विंडर्स यांनी १९९७च्या पुस्तकात हेच मांडलं: थेरपी टप्पे लवकर गाठण्यासाठी नसते, अशी वळणं लागू नयेत म्हणून असते.

लवकर चालवता येतच नाही, असंही नाही. २००१मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आईबाबांनी बाळांना धरून छोट्या ट्रेडमिलवर रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस चालवलं. ट्रेडमिल न मिळालेल्या गटापेक्षा ती सरासरी १०१ दिवस आधी चालू लागली. नेहमीची थेरपी मात्र दोन्ही गटांना चालूच होती.

मालिशने पाय बळकट होतात? बाळाला छान वाटतं, ताकद मात्र त्याने स्वतः हालचाल केली तरच येते. बसायचा वॉकर? कॅनडात २००४पासून त्याची विक्रीच बंद आहे. थेरपी परवडत नाही? जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा, तिथे ती मोफत असते.

आणि ‘व्यायाम कुठलाही चालतो’ हे तर मुळीच नाही. या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून कोलांटउड्या नकोत. चालणारं मूल अडखळू लागलं, मान दुखू लागली किंवा शू-शीचा ताबा गेला, तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.