सणासुदीचे अक्षर : काही समजुती आणि वस्तुस्थिती

पितृपंधरवडा सरतो न सरतो तोच फराळाचे जिन्नस, उटणी, पणत्या व आकाशकंदील यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या मंडळींची पावले डीटीपीच्या दुकानांकडे वळू लागतात, आणि तेथे संगणकासमोर बसलेल्या ऑपरेटरास जी पहिली फर्माईश ऐकावी लागते ती बहुधा एकाच आशयाची असते : अक्षर जरा सणासारखे, भरगच्च, वेलबुट्टीचे पाहिजे. गिऱ्हाइकाच्या मनास उल्हास वाटावा ही व्यापाऱ्याची इच्छा रास्तच आहे. परंतु तिच्या पाठीशी काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत की, त्यांपायी छपाईचा खर्च वाया जातो, नाव धड वाचले जात नाही, आणि क्वचित कायद्याचे लचांडही मागे लागते.

यांपैकी सर्वांत दृढमूल समजूत ही की, अक्षर जितके नटवे तितके ते सणाचे. वास्तविक मथळ्यासाठी, म्हणजे ‘डिस्प्ले’ म्हणून, घडवलेला फॉन्ट मोठ्या आकारातच शोभावा अशी त्याची मुळातली योजना असते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट पाहा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेले हे अक्षर नावाप्रमाणेच गुबगुबीत असून, त्याच्या पोटातील मोकळ्या जागा केवळ बारीक चिरेइतक्या राखलेल्या आहेत. दुकानाच्या फलकावर किंवा मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर ते पाहताच चित्त प्रसन्न होते. परंतु तेच अक्षर उटण्याच्या पुडीवर, बोटभर रुंदीच्या पट्टीत कोंबले, की शाई त्या चिरांत पसरते आणि ‘लाडू’मधल्या ‘डू’चा निव्वळ काळा ठिपका उरतो. त्याचा दोष फॉन्टच्या कर्त्याकडे जात नाही. जागा निवडणाराचा अंदाज चुकलेला असतो. देवनागरीत ही अडचण रोमन लिपीपेक्षा अधिक जाणवते, कारण आपल्या अक्षरास शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व ऋकार असा दुमजली संसार सांभाळावा लागतो. त्यात एखाद्या हौशी कलावंताने वेलांटीला कोयरी आणि उकाराला पणती जोडली, तर वाचणाराने अक्षर शोधावे की रांगोळी पाहावी, असा प्रश्न पडतो.

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टायपाची कीर्ती सर्व हिंदुस्थानात पसरली, ती जाड-बारीक रेषांचा तोल आणि वळणांचा डौल यांच्या बळावर. त्या टायपाला फुलावेलींची गरज कधी भासली नाही. आजच्या फॉन्टांतही ‘यात्रा वन’ हा कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबईच्या लोकल गाड्यांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला फॉन्ट असाच अनलंकृत असून, तरीही त्यात जत्रेचा काही रंग उतरलेला दिसतो. माझ्या मते उत्सवाचा भार रंगावर, कागदावर व चित्रावर टाकावा, आणि नावाच्या अक्षरास मोकळा श्वास घेऊ द्यावा.

दुसरी समजूत ही की, फॉन्ट देवनागरी असला म्हणजे तो मराठीस चालतोच. फराळवाल्या भगिनींनी हा भ्रम ‘साटोऱ्या’ हा एकच शब्द टंकून घालवावा. फॉन्टमध्ये किंवा ऑपरेटरच्या हातात पापणीसारखा दिसणारा आपला अर्धा ‘र’ नसेल, तर तो उडी मारून रफार होतो, ‘या’च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि पाकिटावर ‘साटोर्या’ असे काही विपरीत छापले जाते. पाचशे लेबले छापून झाल्यावर ते ध्यानात येते हा नेहमीचा शिरस्ता. त्यापुढे ‘शंकरपाळे’ आणि ‘लाडू’ लिहून पाहावेत. शासनाने २००९ साली काढलेल्या लिपीविषयक निर्णयात मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ मान्य केले आहेत, तर पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळणाचीच रूपे आधी उमटतात. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडल्याखेरीज आपले रूप प्रकट होत नाही. ऑपरेटरास एवढे सांगितले तरी निम्मे काम भागते.

तिसरी समजूत खर्चाविषयीची : इंटरनेटवर मिळाला म्हणजे फॉन्ट फुकट. ‘मोदक’ व ‘यात्रा वन’ हे दोन्ही ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ या परवान्याखाली खुले असल्यामुळे ते पाटीवर, पाकिटावर, बोधचिन्हात विनामूल्य वापरण्यास कोणाची हरकत नाही. मनाई आहे ती फॉन्टचीच फाईल सुटी विकण्याला. उलट कित्येक नखरेल फॉन्टांच्या परवान्यात ‘केवळ खासगी वापरासाठी’ असे कलम असते आणि व्यवसायासाठी त्यांचे शुल्क भरावे लागते. परवान्याचा कागद बहुधा फॉन्टच्याच फोल्डरात असतो, पण तो उघडून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. ‘ऑपरेटरने दिला’ ही सबब मालकास पुरत नाही.

याच्याच जोडीला असाही समज आढळतो की, फॉन्ट निवडला म्हणजे व्यवसायाची ओळख तयार झाली. खुला फॉन्ट समोरच्या गल्लीतील प्रतिस्पर्ध्यालाही तितकाच खुला असतो, आणि दिवाळीच्या बाजारात एकाच वळणाची चार नावे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची व नियतकालिकांची जी शीर्षके रेखाटली, त्यांत प्रत्येक नावाची प्रकृती निराळी ओळखून अक्षरास वळण दिलेले आहे. तेवढे सामर्थ्य सर्वांपाशी नसते. तथापि एखाद्या अक्षरकाराकडून फॉन्टमधल्या एकदोन अक्षरांना जरी स्वतंत्र वळण करून घेतले, तरी नाव गर्दीतून उठून दिसते. त्या नावास कायद्याचे संरक्षण हवे असेल तर व्यापारचिन्हाच्या नोंदणीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. व्यक्ती व लघुउद्योग यांस ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये असून नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते, व ती पुढे वाढवून घेता येते.

पाकिटावरील सर्व मजकूर त्याच सणाच्या अक्षरात घालण्याचा मोह मात्र निक्षून आवरावा. वजन, किंमत, तारीख, घटकपदार्थ आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक ही माहिती साध्या, सरळ अक्षरात असावी. शिवाय वेष्टनावरील सक्तीचा मजकूर हिंदीत वा इंग्रजीत असणे आवश्यक असल्यामुळे केवळ मराठीत छापलेले लेबल नियमास पुरे पडत नाही. दुकानाच्या पाटीची गोष्ट वेगळी. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहाहून कमी कामगार असलेल्या दुकानासही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली असून, तीवरील मराठी अक्षर अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नये. इंग्रजी नाव भव्य आणि मराठी नाव कोपऱ्यात वेलबुट्टीसह, ही जुनी वहिवाट आता चालणार नाही.

आणखी एक बाब थोडक्यात. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर छापून उत्तम येतो, पण तोच उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. म्हणून दरपत्रकाचा मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा, आणि छापखान्यास द्यावयाच्या फाईलीत नावाचे अक्षर ‘कर्व्ह’ करून घ्यावे, म्हणजे तेथील संगणकावर फॉन्ट नसला तरी ते बदलत नाही.

या सर्वांहून स्वस्त परीक्षा अशी की, नाव प्रत्यक्ष मापात, प्रत्यक्ष कागदावर छापून घ्यावे, घरातील वृद्ध माणसास दहा फुटांवरून वाचावयास सांगावे, आणि ते अडखळले तर फॉन्ट बदलावा. नवरात्रानंतर छापखान्यांत उभे राहण्यास जागा नसते, तेव्हा हा खटाटोप श्रावणातच उरकून घ्यावा.