दगडावरची तपकिरी बुळबुळ

सुरतेत कॉजवेच्या वरच्या अंगाला तापीचं पाणी गोडं, खालच्या अंगाला भरतीचं खारं. गोड्या बाजूच्या काठावरचा एखादा दगड उचलून पाहा. त्यावरची तपकिरी बुळबुळ आपण शेवाळ म्हणून धुऊन टाकतो. आहे ते शेवाळच, पण काचेच्या घरात राहणारं. त्यातल्या एकेका पेशीला डायटम म्हणतात. प्रत्येकीभोवती सिलिकाचं दोन भागांचं कवच असतं, डब्यावर झाकण बसावं तसं. त्यावर छिद्रांच्या इतक्या बारीक रांगा, की एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक बनवणारे आपल्या भिंगांचा कस डायटमवर लावून पाहत.

ही काच येते कुठून? मला सगळ्यात मोठं नवल इथेच वाटतं. तापी सातपुड्यात मुलताईला उगवते आणि ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातला बराचसा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतो, कातळाला कणाकणाने विरघळवतो, आणि त्यातली सिलिका भुसावळ, प्रकाशा, उकाई करत खाली येते. (सुरतेच्या लिंबायत-उधन्यातली कितीतरी कुटुंबंही खानदेशातून अशीच तापीच्या उताराने आलेली.) डायटम ही सिलिका शोषतो आणि पेशीतल्या इवल्याशा पिशवीत तिचं कवच घडवतो. कारखान्यात काच वितळवायला दीड हजार अंशांच्या आसपास भट्टी तापवावी लागते; याला नदीचं साधं पाणी पुरतं!

पेशी दुभंगली की दोघींच्या वाट्याला जुन्या कवचाचा एकेक भाग येतो. नवा भाग त्याच्या आत बसेल एवढाच करायचा, म्हणून बहुतेक जातींत एक वंश पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातो. फारच लहान झाला की लैंगिक प्रजनन होतं, आणि नवी पेशी पुन्हा पूर्ण मापाची निपजते.

आपल्याकडचे डायटम ओळखायला हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी आयुष्य वेचलं. १९५९ साली एकट्या पन्हाळगडाच्या डायटमांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. मध्य गुजरातच्या गोड्या पाण्यातल्या डायटमांवरचा त्यांचा ग्रंथ १९९८ साली निघाला. एका गडावरच्या पाण्यात एवढं काही सापडावं, आणि ते मोजत बसणारा माणूसही भेटावा! त्यांनी कोल्हापुरात नोंदवलेल्या गोंफोनेमा गटाच्या जाती कार्तिक बालसुब्रमण्यन आणि पॅट्रिक कोसिओलेक यांनी २०१२ साली पुन्हा तपासल्या. सह्याद्रीच्या ओढ्यांतलं हे काम अजून चालूच आहे.

डायटम पाहायची साधनं साधी आहेत. दगड थाळीत धरायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा, तपकिरी पाणी बाटलीत भरायचं. जात ठरवायची तर प्रयोगशाळेत आम्लाने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने जिवंत भाग जाळतात. मागे निव्वळ काच उरते. पण त्याआधी एक थेंब तसाच भिंगाखाली धरावा. कॉलेजातला चारशेपट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो. होडीच्या आकाराचे काही डायटम सरळ रेषेत सरकताना दिसतात, थबकतात आणि आल्या वाटेने उलटे जातात. ना पाय, ना शेपूट. कवचाला लांबट चीर असते. तिच्यातून चिकट स्राव सोडत ते दगडावर पुढे-मागे होत राहतात.