गणितज्ञाची पवनचक्की
ठिकाण : स्नेन्टन, नॉटिंगहॅम (इंग्लंड)
उभारणी : १८०७, विटांचा मनोरा, चार पाती. मागचा छोटा पंखा मनोऱ्याची टोपी आपोआप वाऱ्याच्या दिशेला वळवतो.
चालक : पाव भाजणाऱ्या वडिलांनी बांधलेली ही गिरणी जॉर्ज ग्रीन (१७९३-१८४१) यांनी चालवली. शाळा जेमतेम वर्षभराची. तरीही दळणाचा व्याप सांभाळत त्यांनी १८२८ मध्ये वीज व चुंबकत्वावरचा गणिती निबंध वर्गणीदारांच्या बळावर छापला. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आजही शिकतात ते ‘ग्रीनचे प्रमेय’ त्यांच्याच नावाचे.
पुनर्जन्म : १९४७ मध्ये आग लागून गिरणीचा नुसता सांगाडा उरला. १९८०च्या दशकात जीर्णोद्धार होऊन पाती पुन्हा फिरली, वाऱ्यावर गव्हाचे पीठ पडू लागले. शेजारीच मुलांसाठी विज्ञान केंद्र आहे.